एक सर्व्हिस आणि एक सही

बाईंनी चपला काढल्या, बाकाखाली नीट जोडून ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि त्या कोर्टाच्या मागच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. सकाळचे सव्वासहा वाजले होते. वय साठीच्या पुढचं, अंगावर फिकट निळं सुती पातळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. एका मुलीने त्यांच्या हातात व्हॉलीबॉल दिला. त्यांनी तो डाव्या तळव्यावर धरला आणि उजव्या हाताची मूठ करून खालून मारला. चेंडू सरळ नेटमध्ये गेला.

मुलगी धावत जाऊन चेंडू घेऊन आली. बाईंनी पुन्हा मारला. पुन्हा नेट. तिसऱ्या वेळी तो नेटच्या वरच्या पट्टीला लागला, जावं की न जावं असा जरा घुटमळला आणि पलीकडे पडला. बारा मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई बाकापाशी आल्या, चपला घातल्या, तिथे ठेवलेल्या मस्टरवर सही केली आणि मैदानाच्या कडेच्या स्टोअर रूमकडे निघून गेल्या.

मी वहीत लिहिलं, 'सहायक प्रशिक्षक. प्रयत्न तीन, यशस्वी एक.' आणि लिहिता लिहिता हसले.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कृष्णाकाठ विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होते. तेहतीस वर्षांची होते, आकड्यांवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता आणि 'दिघे मॅडम कुणाची भीड ठेवत नाहीत' ही माझी कीर्ती मला मनातून फार आवडायची. त्या कीर्तीमुळेच उपकुलसचिव यादवाडकरांनी मला बोलावून घेतलं होतं.

"मॅडम, तीन रकाने भरून द्या," ते म्हणाले. "मुलींचा व्हॉलीबॉल संघ. माणसं किती, खर्च किती, पास किती. आठ दिवसांत."

"आणि मग?"

"मग व्यवस्थापन परिषद ठरवेल. दोन-तीन संघ बंद करायचे आहेत. हा यादीत पहिला आहे."

संघ बंद होणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. खेळाडू म्हणून त्या बारा जणींना वसतिगृहात जागा मिळाली होती. आटपाडी, जत, कवठे महांकाळ अशा गावांतल्या मुली. जागा गेली की त्या घरी जाणार. आणि त्या काळात घरी गेलेली मुलगी पुढच्या जूनला परत यायची नाही, तिची लग्नपत्रिका यायची.

पहिले दोन रकाने तासाभरात भरून झाले. माणसं दोन, एक प्रशिक्षक आणि एक हंगामी सहायक प्रशिक्षक. खर्च इतका किरकोळ की कुलगुरूंच्या बंगल्यावरच्या बागेला त्याहून जास्त लागत असेल. अडकले ती तिसऱ्या रकान्यापाशी. चार वर्षांत या संघातली एकही मुलगी नापास झाली नव्हती. विद्यापीठाचा बी.कॉम.चा निकाल तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळायचा. रोज चार तास चेंडू मारणाऱ्या, स्पर्धांसाठी पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी राहणाऱ्या या मुली मात्र सगळ्याच्या सगळ्या पास. आकडा फार चांगला दिसला की पाणी कुठे मुरतंय ते मी आधी बघते. म्हणून त्या सकाळी मैदानावर गेले होते.

संघाच्या प्रशिक्षक शालन खराडे. पंचेचाळिशीच्या, उंच, गळ्यात शिट्टी. स्वतः राज्याकडून खेळलेल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "सहायक प्रशिक्षक म्हणजे याच का?"

"होय. इंदुमती बोंद्रे."

"किती वर्षं खेळल्या आहेत?"

"बघितलंत की आत्ता."

"खराडे मॅडम, मी गंमत करायला आलेली नाही."

"मी पण गंमत करत नाही," असं म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली आणि पाठ फिरवली.

झालं. चोर सापडला असं मला वाटलं. परीक्षा विभागात या बाईंचं कुणीतरी नात्यातलं असणार, तिकडून मार्क येत असणार आणि इकडून मानधन जात असणार. मी तावातावाने स्टोअर रूममध्ये शिरले.

आत गुंडाळून ठेवलेल्या नेट होत्या, मोडका रोलर होता, हवा गेलेल्या चेंडूंचं एक पोतं होतं. भिंतीला टेकवून ठेवलेला एक फळा होता. सहा मुली घामेजल्या अंगाने सतरंजीवर बसल्या होत्या. बाकीच्या सहा बाहेर खेळत होत्या. अर्ध्या तासाने या बाहेर जाणार आणि त्या आत येणार. बोंद्रे बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पोत्याकडे बोट दाखवलं. मी निमूट त्या पोत्यावर बसले.

"सुरेखा, शेवटच्या चार मॅचमधले तुझ्या सर्व्हिसचे पॉइंट सांग."

सुरेखा ऐवळे म्हणजे मघाशी चेंडू आणून देणारी मुलगी. संघाची कॅप्टन, आटपाडीची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. "दोन, बारा, तीन, अकरा," ती म्हणाली.

"रेश्माचे?"

"सहा, सात, आठ, सात."

"सरासरी काढा."

"दोघींची सात येतीय बाई."

"मग दोघी सारख्याच म्हणायच्या?"

मुली हसायला लागल्या. "कसलं सारख्या बाई," रेश्मा मुलाणी म्हणाली. "सुरेखाचं काय खरं नसतंय."

"बरोबर. आता हे 'काय खरं नसतंय' मोजायचं कसं ते बघू." आणि बाईंनी खडू उचलला. प्रत्येक आकडा सातापासून किती लांब आहे, त्या लांबीचा वर्ग, त्यांची बेरीज. दहा मिनिटांत त्या मुली प्रमाण विचलनापाशी पोचल्या. जे मी वर्गात तीन तास घेऊन शिकवायचे आणि पहिल्या बाकापलीकडे कुणाला कळायचं नाही, ते या मुलींना चेंडूवरून कळलं होतं.

"आता मॅच अटीतटीची आहे. कुणाला पाठवाल सर्व्हिसला?"

"रेश्माला," सुरेखाच म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण हारत आलो असलो, तर मला पाठवा. हारायचंच हाय तर बाराची आशा तरी ऱ्हाईल."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही या विषयाच्या ना? काही चुकलं असेल तर सांगा."

"काही चुकलं नाही," मी म्हणाले. मला खरं तर रडू येत होतं. कौतुकाने येत होतं, आणि थोडं हेव्यानेही.

पुढचे पाच दिवस मी रोज सकाळी गेले. अहवालासाठी जाण्याची गरज नव्हती, पण गेले. बोंद्रे बाई तासगावच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. रोज यायच्या, चपला काढायच्या, एक सर्व्हिस मारायच्या, सही करायच्या, आत जायच्या. ती सर्व्हिस मला त्यांची लहर वाटायची. शिकवणाऱ्या माणसांना असतात अशा लहरी. मुलींनाही करमणूक, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं नाही.

सहाव्या दिवशी खराडे मॅडमनी मला बाकावर बसवून चहा दिला.

"अहवालात बाईंचं शिकवणं लिहू नका," त्या म्हणाल्या.

"का? सगळं मर्म त्यातच तर आहे."

"म्हणूनच म्हणते. सहायक प्रशिक्षक, एक. एवढं लिहा. निकाल शंभर टक्के, एवढं लिहा. का लागला ते कुणी विचारलेलं नाही तुम्हाला."

"मॅडम, तुम्ही लपवताय कशाला? अभिमान वाटावा असं काम आहे हे."

त्यांनी कप खाली ठेवला. "पाच वर्षं अर्ज केले मी. पोरींना शिकवायला माणूस द्या म्हणून. आटपाडीहून आलेल्या पोरीला बॅलन्सशीट कोण शिकवणार, मी? मी स्वतः बी.ए.ला दोनदा गचकलेली. तर म्हणाले, खेळाच्या विभागाला शिक्षक मिळत नसतो, सहायक प्रशिक्षक मिळतो. मग घेतला सहायक प्रशिक्षक."

"मग हेच लिहिते की. वाचून त्यांनाही पटेल."

"दिघे मॅडम, तुम्ही हुशार आहात," त्या म्हणाल्या. "पण तुमचं अजून कुणी काही काढून घेतलेलं नाही."

मला राग आला. मी खरं लिहिते, हे माझं ब्रीद. आणि इथे तर खरं तेच चांगलंही होतं. असा योग किती वेळा येतो? मी त्यांना चार वाक्यं ऐकवली, खऱ्याला मरण नाही वगैरे. त्यांनी ती ऐकून घेतली आणि मैदानावर निघून गेल्या.

त्या रविवारी मी अहवाल लिहिला. तीन रकान्यांच्या जागी अकरा पानं झाली. दोन पानं नुसती बोंद्रे बाईंवर. सुरेखा आणि रेश्माच्या सर्व्हिसचं उदाहरण घातलं. वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून मध्ये जरा गंमतही केली. लिहिलं, 'श्रीमती बोंद्रे यांना खेळाचे ज्ञान नाही, रोज एखादा चेंडू कसाबसा नेटपलीकडे जातो, एवढाच त्यांचा व्हॉलीबॉलशी संबंध.' आणि पुढच्याच ओळीत, 'परंतु या संघाचा निकाल ज्या एका व्यक्तीमुळे लागतो, ती व्यक्ती हीच.' हे दुसरं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

यादवाडकरांनी अहवाल वाचून माझं तोंड भरून कौतुक केलं. "अशी माणसं पाहिजेत," म्हणाले.

वीस दिवसांनी आदेश निघाला. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं, अवतरणचिन्हांसकट. फक्त पहिलं. 'अहवालाच्या स्पष्ट निष्कर्षानुसार श्रीमती बोंद्रे यांना खेळाचे ज्ञान नाही,' इथपासून 'एवढाच त्यांचा व्हॉलीबॉलशी संबंध' इथपर्यंत. सबब नेमणूक बोगस. पद रद्द. चार वर्षांचं मानधन वसूल. श्रीमती बोंद्रे यांना आवारात प्रवेश नाही. प्रशिक्षक खराडे यांची एक वेतनवाढ बंद. आणि संघाला एक वर्षाची मुदत. पुढच्या परीक्षेत नव्वद टक्के मुली पास झाल्या तर संघ राहील, नाहीतर बंद. म्हणजे शिकवणारीला काढलं आणि निकाल मागितला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही माझ्याच हातून.

मी यादवाडकरांकडे भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वाक्य तुमचंच आहे ना? आम्ही एक अक्षर बदललेलं नाही."

बाहेर पडताना व्हरांड्यात सुरेखा दिसली. हातात वसतिगृहाच्या फीचा कागद होता. मी थांबले, तीही थांबली.

"मॅडम," ती म्हणाली, "आम्ही तुमास्नी पोत्यावर बसायला जागा दिली हुती." एवढंच बोलून ती गेली. इतक्या वर्षांत मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले, पण त्या एका वाक्याइतकं काही लागलं नाही.

दोन दिवस मी तोंड लपवून घरात बसले. तिसऱ्या दिवशी पत्ता शोधत बोंद्रे बाईंकडे गेले. बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. बाई जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. मी बसले आणि शेंगा फोडायला लागले. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

"माझी सर्व्हिस लिहिलीत म्हणे," त्या म्हणाल्या.

"बाई, मी चांगल्यासाठीच लिहिलं होतं. पुढचं वाक्य त्यांनी गाळलं."

"वाचलंय मी. शालनने आणून दिलं होतं. छान लिहिता तुम्ही." त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "एक दुरुस्ती आहे फक्त. 'एखादा' नव्हे. रोज एक. आणि तो पलीकडे गेल्याशिवाय मी सही केलेली नाही."

मला कळलं नाही. तसं मी म्हटलं.

"शालन पहिल्यांदा मस्टर घेऊन आली तेव्हा मी नाही म्हटलं होतं. शिकवणार गणित आणि सही करणार प्रशिक्षक म्हणून, हे मला जमायचं नाही. एकतीस वर्षं मुलींना सांगत आले, उत्तर चुकलं तर चालेल, पायऱ्या खोट्या लिहू नका. म्हटलं, मी फुकट येते. आले महिनाभर. पण फाटकावर पास मागतात, आणि पास मस्टरवर नाव असलेल्यालाच. मग शालन म्हणाली, बाई, रोज एक सर्व्हिस मारा. ती पलीकडे गेली की तेवढ्यापुरत्या तुम्ही व्हॉलीबॉलच्या झालात. मग करा सही."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले होते.

"मनाची समजूत, दुसरं काय," बाई म्हणाल्या. "पण चार वर्षांत एक दिवस चुकवला नाही. हात दुखायचा तेव्हा डाव्या हाताने मारली. एकदा पावसात सतरा वेळा मारावी लागली. मुली भिजत उभ्या होत्या, पण एकीनेही म्हटलं नाही की बाई राहू द्या. त्यांना ठाऊक होतं मी कशासाठी मारते ते."

मग त्या टाळ्या करमणुकीच्या नव्हत्या. अख्ख्या मैदानात ती गोष्ट ठाऊक नसलेली मी एकटीच होते, आणि लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी खाली मान घालून रडले. बाईंनी रडू दिलं. शेंगा फोडण्याचा आवाज तेवढा चालू होता.

"आता मुलींना कोण शिकवणार, बाई?" मी विचारलं.

बाईंनी सूप पाखडलं, फोलपटं बाजूला काढली. "मला फाटकातून आत सोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सोडतात."

त्या वर्षी बारांपैकी अकरा जणी पास झाल्या आणि संघ राहिला, हे आधीच सांगून टाकते. राहिलेली एक ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली. यादवाडकरांनी मला दोनदा बोलावून, प्राध्यापकाने खेळाच्या विभागात काय काम काढलंय, असं विचारलं, आणि माझी बढती चार वर्षं अडली. त्याचं काही वाटत नाही. स्टोअर रूममध्ये मी पुढे तेवीस वर्षं शिकवलं. पण मला आठवते ती बाईंच्या घरून आल्यानंतरची सकाळ.

सव्वासहाला मी मैदानावर पोचले. हातात खडूची पेटी आणि एक पुस्तक. मुली सराव थांबवून बघायला लागल्या. कुणी हसलं नाही. खराडे मॅडम बाकावर बसल्या होत्या.

"स्टोअर रूम उघडी आहे का?" मी विचारलं.

"आहे की."

मी दोन पावलं तिकडे टाकली आणि थांबले. परत फिरून मागच्या रेषेवर जाऊन उभी राहिले. खराडे मॅडमनी तोंडाकडे नेलेली शिट्टी खाली घेतली.

चेंडू सुरेखाकडे होता. तिने तो बराच वेळ दिला नाही. छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ आली आणि चेंडू पुढे केला.

मी मारला. नेटपर्यंतसुद्धा गेला नाही. तिने आणून दिला. पुन्हा मारला, तो स्टोअर रूमच्या दिशेने गेला. तिसरा नेटमध्ये, चौथा नेटमध्ये. सुरेखा दर वेळी चालत जायची, चालत यायची, चेंडू द्यायची. बाईंसाठी ती धावायची. सहाव्या वेळेला माझा पाय घसरला आणि मी हातावर पडले. उठून उभी राहिले तेव्हा ती समोर होती.

"चपला काढा मॅडम," ती म्हणाली.

मी चपला काढल्या. कुठे ठेवाव्या म्हणून इकडेतिकडे बघितलं, मग बाकापाशी गेले आणि बाकाखाली त्या जोडून ठेवल्या. पदर खोचला. अनवाणी पायांना माती गार लागली.

सातवा, आठवा, नववा. मनगट लाल झालं होतं. अकरावा चेंडू वर गेला, पट्टीला न लागता पलीकडे उतरला आणि उडत उडत लांब गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाकावर मस्टर नव्हतं, त्यामुळे सहीही करायची नव्हती. मी चपला घालायला वाकले.

चेंडू आणायला सुरेखा गेली होती. या वेळी ती धावत गेली आणि धावत परत आली. "उद्या जरा लवकर या," ती म्हणाली. "आम्ही सहाला सुरू करतो."